हवा पाहून दिवस आखावा : शहरातील ज्येष्ठांची स्मृती जपण्यासाठी घरच्यांनी काय करावे

आमच्या मुलुंडच्या घरात सज्जाचा कठडा रोज सकाळी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसला जातो. पावसाळ्यात ते फडके जवळजवळ जसेच्या तसे निघते. दिवाळी सरून थंडी पडू लागली की मात्र एका रात्रीत साचलेल्या धुळीचा काळपट, किंचित तेलकट पट्टा त्यावर उमटतो आणि दोनदा पिळूनही तो पुरता जात नाही. नेमक्या याच दिवसांत माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो आणि ज्यांचे वय आता ७८ आहे, पहाटे साडेपाचला कानटोपी घालून हमरस्त्याच्या कडेने फिरायला जात असत. कठड्यावरची धूळ निदान डोळ्यांना दिसते. फुप्फुसांतून रक्तात उतरणारे कण इतके बारीक असतात की ते ना फडक्यावर ओळखू येतात, ना आरशात.

प्रदूषित हवा छातीला वाईट, हे सर्वांना ठाऊक आहे. ती वृद्धांच्या स्मरणशक्तीलाही बाधक ठरते, हे मात्र अजून घरोघरी पोहोचलेले नाही. ज्यांना ते कळते, त्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते, ती म्हणजे घरातील वृद्ध माणसाला खिडक्या बंद करून आत बसवणे. मला हा उपाय मूळ दुखण्याइतकाच घातक वाटतो आणि त्याचे कारण आकड्यांतच आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची, म्हणजेच डिमेन्शियाची, टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबणीवर टाकता येईल, असा अंदाज दिला. त्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा सुमारे ३ टक्के, एकटेपणाचा ५ टक्के आणि कमी ऐकू येण्याचा ७ टक्के धरला आहे. हे वाटे संपूर्ण लोकसंख्येचे आहेत, एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यांवरून सांगता येत नाही. परंतु धुरापासून वाचवताना आपण वडिलांचा कट्टा, त्यांचे चालणे आणि त्यांची माणसे काढून घेत असू, तर हिशेब चुकतो आहे, एवढे त्यांतून नक्की कळते. म्हणून पुढे जे सांगितले आहे, त्याचा रोख दूषित हवेची मात्रा कमी करण्यावर आहे, आयुष्य आखडते घेण्यावर नाही.

हवा मेंदूपर्यंत कशी पोहोचते

हवेतील ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे वीसहून अधिक कण ओळीने मावतील. जाड धूळ नाकात आणि घशात अडते. हे कण फुप्फुसांच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. शरीर त्यांच्याशी लढताना दाह निर्माण करते, तो दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो, रक्तदाब वाढतो, पक्षाघाताची शक्यता वाढते. आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बिघडल्या की विचारांचा वेग आणि स्मृती यांवर परिणाम होतो. दुसरा मार्ग थेट नाकातून, वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत जाणारा आहे. २०१६ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टर व मेक्सिको सिटी येथील मृत व्यक्तींच्या मेंदूंत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय खनिजाचे, अतिसूक्ष्म गोलाकार कण दाखवून दिले; त्यांचा आकार उच्च तापमानाच्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांशी मिळताजुळता होता.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील सुमारे ६६ लाख प्रौढांच्या नोंदी तपासणाऱ्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दूर राहणाऱ्यांपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळले. २०० मीटरच्या पलीकडे हा फरक दिसेनासा झाला. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, प्रत्येक रुग्णातील कारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही मला सर्वाधिक धीर देणारा अभ्यास अमेरिकेतील आहे. ७४ वर्षांपुढील दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, ज्यांच्या परिसरातील हवा आधीच्या दहा वर्षांत अधिक सुधारली होती, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. म्हणजे सत्तरी उलटल्यावरही हवा सुधारण्याला अर्थ आहे; ‘आता या वयात काय उपयोग’ असे म्हणून हात टेकण्याचे कारण नाही.

आकडा नीट वाचायला शिकावे

पहिले काम म्हणून मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ किंवा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेचे अॅप घ्यावे आणि आपल्या घराला सर्वांत जवळचे केंद्र कोणते, ते एकदा शोधून ठेवावे. संपूर्ण मुंबईचा किंवा संपूर्ण पुण्याचा सरासरी आकडा घरच्या निर्णयासाठी फारसा उपयोगी नसतो.

भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांकात, म्हणजे एक्यूआयमध्ये, ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर अशा पायऱ्या आहेत. येथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी की हा आकडा कणांच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. त्यामुळे सकाळी सातला दिसणारा आकडा त्या क्षणाची हवा सांगत नाही, कालच्या दिवसभराचे आणि रात्रीचे मिळून उत्तर सांगतो. फिरायला केव्हा जावे हे ठरवायचे असेल, तर दर तासाचा पीएम २.५ चा आलेख पाहावा आणि आठवडाभर तो पाहिल्यास आपल्या भागातील चढउताराचे वेळापत्रक ध्यानात येते. दुसरी फसगत मोजपट्टीची आहे. अनेक परदेशी अॅप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात. एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो आणि ‘समाधानकारक’ म्हणतो. अमेरिकी निर्देशांक त्याच हवेला दीडशेच्या पुढचा आकडा देतो. मुलीने परदेशातून एक आकडा सांगावा आणि वडिलांनी इथे दुसराच दाखवावा, अशी वादावादी आमच्या ओळखीच्या दोन घरांत झाली आहे. दोघेही आपापल्या पट्टीने बरोबर होते. कोणतीही एकच पट्टी धरावी. मात्र २४ तासांसाठी भारताची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ती १५ ठेवली आहे, हे लक्षात असू द्यावे. ‘समाधानकारक’ या शब्दावर वृद्ध माणसाच्या बाबतीत पूर्ण विसंबू नये, असे माझे मत आहे.

आमच्या घरात आम्ही ठरवलेला नियम सोपा आहे. निर्देशांक १०० च्या आत असेल तर नेहमीचा दिवस. १०० ते २०० असेल तर फिरण्याची वेळ आणि रस्ता बदलायचा. २०० च्या वर गेल्यास चालणे इमारतीच्या जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत किंवा घरातल्या घरात, आणि बाहेर जावेच लागले तर मास्क लावून. ३०० च्या पुढे टाळता येण्याजोगे प्रत्येक काम पुढे ढकलायचे. ज्यांना दमा, हृदयविकार आहे किंवा ज्यांना पूर्वी पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी प्रत्येक पायरी एकेक खाली आणावी आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून ती पक्की करावी.

पहाटेची हवा हिवाळ्यात शुद्ध नसते

सर्वांत अवघड काम हे आहे, कारण ते एका श्रद्धेच्या विरुद्ध जाते. “पहाटेची हवा शुद्ध असते, हे आम्ही शाळेपासून शिकलो आहोत,” असे आप्पा मला म्हणाले होते आणि त्यांच्या लहानपणीच्या गावात ते खरेही असेल. हिवाळ्यात शहरात मात्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या झाकणाखाली रात्रीच्या ट्रकांचा धूर, बांधकामांची धूळ आणि शेकोट्यांचा धूर साचत जातो. मुंबईत रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात. दिवसा ऊन तापले आणि समुद्राकडून खारे वारे सुटले की ही कोंडी फुटते. पुण्यात समुद्र नाही, शहर टेकड्यांच्या वाटीत बसले आहे आणि रात्री अधिक थंड असतात, त्यामुळे तेथे सकाळची कोंडी उन्हे वर येईपर्यंत टिकते.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वृद्धांच्या फिरण्याची वेळ साधारण दुपारी चार ते सव्वापाच अशी ठेवावी. सूर्य मावळला आणि संध्याकाळची वाहनांची गर्दी सुरू झाली की आलेख पुन्हा चढू लागतो. मार्चपासून दुपारचे ऊन स्वतःच अपायकारक असते, शिवाय कडक उन्हात जमिनीलगतचा ओझोन, हा फुप्फुसांना त्रासदायक वायू, वाढतो; तेव्हा सकाळी साडेसातच्या सुमारास, आलेख पाहून, निघावे. पावसाळ्यात वेळेचे बंधन फारसे उरत नाही, तेव्हा लक्ष निसरड्या फरशीवर ठेवावे.

वेळेइतकाच रस्ता महत्त्वाचा आहे. हमरस्त्याला समांतर असलेली, दोन गल्ल्या आत असलेली वाट शोधावी. सिग्नलजवळ, बसथांब्यामागे आणि उड्डाणपुलाखाली थांबून गप्पा मारण्याची सवय मोडावी. आप्पांचा जुना रस्ता सरळ होता. नवा रस्ता शाळेच्या मागून, दोन सोसायट्यांच्या मधल्या बोळातून, पिंपळाच्या पारापर्यंत जातो आणि सुमारे चारशे पावले अधिक भरतो.

वेळ बदलण्याला आप्पांचा विरोध हवेवरून नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा समजले. पहाटेच्या कट्ट्यावर त्यांचे पाच मित्र होते आणि एकट्याने दुपारी जाणे म्हणजे त्या पाचजणांना मुकणे होते. तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालणे थांबवले आणि त्यांच्या मित्रांपैकी ज्यांना दमा आहे, त्या काकांच्या घरी जाऊन तासाचा आलेख दाखवला. “आप्पांना एकट्याला नको सांगूस, सगळ्यांना मिळून सांग,” असे काकूंनी सुचवले आणि त्या रविवारी सहाही जणांना चहाला बोलावून आम्ही वेळ ठरवली. आता थंडीत त्यांचा कट्टा साडेचारला भरतो. कोणाच्याही घरी हा बदल करायचा असेल, तर एका माणसाची नव्हे, त्याच्या संपूर्ण गटाची वेळ बदलावी. एरवी तो बदल आठ दिवसांत मोडतो.

घरातला धूर

बाहेरच्या हवेबद्दल इतके बोलले जाते की घरात आपण स्वतः लावलेला धूर नजरेआड राहतो. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल हा त्यांतील सर्वांत मोठा दोष. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले होते. ज्या घरात कोणी सिगारेटला हात लावत नाही, त्या घरातील आजी रात्रभर असा धूर घेत झोपलेली असते. खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात आणि पलंगाला मच्छरदाणी लावावी. मच्छरदाणीत शिरताना धडपडण्याची भीती असेल, तर ती एका बाजूने चेनची घ्यावी.

देवघराचा प्रश्न नाजूक आहे आणि तो आदरानेच सोडवावा लागतो. अनेक घरांत आजीचा पलंग देवघराच्याच खोलीत असतो. आमच्याकडे तुपाचे निरांजन आणि एकच उदबत्ती, आणि तीही खिडकी उघडून, असा तोडगा आईनेच काढला. धुपाचे कप आणि कापूर सणापुरते राहिले. फोडणी देण्यापूर्वीच एक्झॉस्ट पंखा सुरू करावा आणि गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटे तो चालू ठेवावा. स्वयंपाकघरातील चिमणी घेताना तिचा पाइप खरोखर बाहेर निघतो ना, हे पाहावे, कारण हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणाऱ्या चिमण्या ज्वलनाचे वायू बाहेर काढत नाहीत. केर कोरड्या झाडूने जोरात काढण्याऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसावी.

न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरबद्दल मात्र मी विनंती नव्हे, आग्रह करतो. बंद न्हाणीघरात तो चालू राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोके दुखणे, गरगरणे, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे वृद्ध माणसात ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून दिली जातात. त्यातून जीव जातो आणि जीव वाचला तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तसे शक्य नसेल तर पाणी बादलीत भरून घ्यावे, गिझर बंद करावा आणि मगच दार लावावे. पुण्या-कोल्हापूरकडच्या जुन्या वाड्यांत अजून लाकडाचा बंब पेटतो. तोही अंगणातच असावा.

गावाकडे चुलीपाशी आयुष्य काढलेल्या स्त्रियांचा विचार येथे वेगळा करायला हवा. देशभरातील ४५ वर्षांपुढील व्यक्तींची माहिती गोळा करणाऱ्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत, लाकूड व शेणी जाळणाऱ्या घरांतील ज्येष्ठांची स्मृती व आकलन यांचे गुण कमी आढळले आहेत. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून अनेक घरांत सिलिंडर आला, परंतु तो पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच राहिली. शहरातील मुलांनी आईला पैसे पाठवताना वर्षातले जास्तीचे दोन-तीन सिलिंडर वेगळे धरून पाठवले आणि ते भरून आणण्याची व्यवस्था लावली, तर ती रक्कम अत्यंत योग्य जागी लागते.

मास्क आणि यंत्र यांची खरेदी

कापडी रुमाल, पंचा किंवा साधा सर्जिकल मास्क पीएम २.५ पुरेसा अडवत नाही, कारण कडेने हवा आत येते. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार बनलेला एफएफपी२ मास्क घ्यावा, नाकावरची पट्टी दाबून बसवावी आणि श्वास सोडताना चश्म्यावर वाफ येत असेल तर तो नीट बसलेला नाही, असे समजावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी कानामागच्या दोऱ्यांचा नव्हे, डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क घ्यावा. दोरी काढताना यंत्र ओढले जाऊन पडते आणि मग माणूस मास्क तरी टाकतो किंवा यंत्र तरी. श्वसनाचा जुना विकार असल्यास मास्क लावून चालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

हवा शुद्ध करणारे यंत्र सर्वांच्या ऐपतीचे नाही आणि ते नसेल तरी वर सांगितलेले बहुतेक उपाय करता येतात. घ्यायचेच असेल तर हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, फिल्टरचे घ्यावे आणि ओझोन किंवा आयन सोडणारी सोय असल्यास ती बंद ठेवता येते का, हे विचारावे. क्षमता जाहिरातीवरून न ठरवता हिशेबाने ठरवावी. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी, अशी अपेक्षा धरली तर ताशी १७० घनमीटर क्षमता लागते. खोक्यावर हा आकडा सीएडीआर या नावाने छापलेला असतो. यंत्र दिवाणखान्यात न ठेवता वृद्ध माणूस जेथे झोपतो तेथे ठेवावे, कारण दिवसाचे आठ तास तो त्याच हवेत असतो. दारे-खिडक्या रात्री आणि सकाळी बंद, दुपारी बारा ते चार उघड्या, असा क्रम ठेवावा. दिवसभर कोंडलेली खोली कोणालाच मानवत नाही.

वही ठेवावी, पण सगळे हवेवर ढकलू नये

आमच्या फ्रिजवर एक शंभर पानी वही लोंबते. तारीख, त्या दिवसाचा निर्देशांक, चालणे झाले की नाही, झोप कशी लागली आणि काही वेगळे जाणवले का, एवढ्या पाच गोष्टी त्यात रोज एका ओळीत लिहिल्या जातात. एका दिवसाच्या वाईट हवेचा आणि त्याच दिवशीच्या विसरभोळेपणाचा मेळ घालण्यासाठी ही वही नाही. हवेचा मेंदूवरील परिणाम वर्षानुवर्षांचा असतो. तिचा उपयोग सावकाश होणारा बदल वेळेत दिसावा, यासाठी आहे. नाव पटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे यात काळजीचे फारसे काही नाही. तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांच्या व्यवहारात नव्याने चुका होणे, वर्षानुवर्षे केलेल्या पदार्थाची कृती मध्येच तुटणे, या गोष्टी मात्र तारखेसह लिहून ठेवाव्यात.

दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या हिशेबाच्या डायरीत एकाच तारखेचे दुधाचे पैसे दोनदा मांडलेले मला दिसले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच. हवेवर इतके वाचल्यामुळे माझा संशय थेट हवेवर गेला. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. बी १२ जीवनसत्त्व फार कमी होते आणि दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. इंजेक्शने झाली, कान साफ झाले आणि काही महिन्यांत डायरी पूर्वीसारखी झाली. हवेच्या नादात मी आणखी वर्षभर थांबलो असतो, तर एक सहज दुरुस्त होणारी गोष्ट हातची गेली असती.

त्यामुळे बदल जाणवला की बी १२, थायरॉइड, रक्तदाब, साखर, ऐकणे, पाहणे आणि मनाची उदासी यांची तपासणी प्रथम करून घ्यावी. झोपेच्या व सर्दीच्या गोळ्यांसह चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत. एक-दोन दिवसांत अचानक उद्भवलेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश नसतो. तो मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम कमी होणे, नवे औषध किंवा डोक्याला लागलेला मार यांतून येतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर एक मिनिटही थांबू नये. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज ‘लासी’शी जोडलेल्या अभ्यासाने २०२३ साली दिला, त्यामुळे निदान झाले तर ते लपवण्यासारखे काही नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था यांच्याकडून पुढची दिशा मिळते.

सोसायटीच्या पातळीवर

घराबाहेरचा काही धूर आपल्या आवाक्यात असतो. सोसायटीत पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडावा आणि झाडलोटीपूर्वी पाणी शिंपडण्यास सांगावे. दिवाळीत पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजणीची आठवण मुलांना द्यावी: निरुपद्रवी वाटणाऱ्या नागगोळीतून, मोजलेल्या सर्व फटाक्यांमध्ये, सर्वाधिक पीएम २.५ निघाले होते. शेजारच्या बांधकामाबाबत मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पत्र्यांचे कुंपण, ओले कापड आणि पाण्याचे फवारे यांविषयी नियम काढले आहेत. ते पाळले जात नसतील तर वेळ दिसेल असे छायाचित्र काढून १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. एका घराच्या तक्रारीपेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवरील पत्राकडे लवकर लक्ष जाते, असा आमचा अनुभव आहे.

जूनमध्ये पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की कट्ट्याची वेळ पुन्हा सकाळवर आणावी, यंत्राची जाळी धुऊन ते झाकून ठेवावे आणि उरलेले मास्क कोरड्या डब्यात भरावेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परतला की फिल्टर तपासावा, नवा लागणार असेल तर दिवाळीच्या गर्दीआधी मागवावा आणि साडेचारच्या वेळेची आठवण सहाही घरांत फोन करून द्यावी. यंदा ते फोन आप्पांनी स्वतः केले.